मंदाताईंचे दोन फिल्टर

मंदाताईंनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलायच्या आधी माझ्या साडीचा पदर हातात घेतला. नागपुरात प्रताप नगरातल्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या त्या दिवशी मी चहाचा थर्मास घेऊन त्यांच्या दारात उभी होते. त्यांनी पदराचा काठ दोन बोटांत धरून चोळला, उजेडाकडे नेला आणि म्हणाल्या, "दिसते चांगली. पण धुतल्यावर आटन." मग थर्मास घेतला. साडी खरोखरच आटली आणि मला त्याचा थोडा रागही आला.

मुलांनो, तुम्ही त्यांना फक्त व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर पाहिलंत. आपलं बोलणं चालू असताना माझ्या मागच्या खुर्चीवर बसून मधेच "पोट्टे वाळले का वं?" म्हणजे पोरं बारीक झाली का, असं विचारणारी ती ठेंगणी बाई. तुम्ही त्यांना 'फिशआजी' म्हणायचात. एवढ्या ओळखीवर त्यांना सोडून देणं मला बरं वाटत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

गांधीबागेत त्यांचं कापडाचं ठोक दुकान होतं. मिलिंद, त्यांचा एकुलता एक मुलगा, शाळेत असतानाच नवरा गेला. दुकान विकून टाका असं सगळ्यांनी सांगितलं, तेव्हा मंदाताई दुसऱ्या आठवड्यात गादीवर जाऊन बसल्या. कापडाच्या धंद्यात नमुना घरी नेऊन धुऊन पाहतात. रंग जातो का, किती आटतं, हे कळल्याशिवाय माल उचलत नाहीत. मंदाताईंनी ही रीत दुकानातून उचलून सगळ्या आयुष्याला लावली. औषधाची गोळी आधी अर्धी घेऊन पाहायच्या. माझ्या भाचीला स्थळ आलं तेव्हा मुलगा सर्वांना पसंत पडला, मंदाताई म्हणाल्या, "पोट्टा चांगला हाये. पण अजून पाण्यात घातला नाही." भाचीने चहा-पोह्यांनंतर त्याला मुद्दाम भर उन्हात बर्डीच्या बाजारात खरेदीला नेलं. तो टिकला. लग्न झालं.

विदर्भातल्या पुष्कळ बायकांप्रमाणे त्या स्वतःबद्दल "मी येतो, मी करतो" असंच बोलायच्या. मला 'मॅडम' म्हणायच्या, कारण मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं होतं, आणि त्याच वाक्यात 'तू' म्हणायच्या. मी मात्र शेवटपर्यंत 'तुम्ही'वरच राहिले.

मिलिंदने बंगळुरूला नोकरी धरली, दुकान बंद झालं, आणि फ्लॅटमध्ये आल्यावर दोनेक वर्षांत मंदाताईंना पक्षाघाताचा झटका आला. हलकाच होता. चालणं सुधारलं, बोलणं तर बिघडलंच नव्हतं. उजवा हात मात्र अर्धवट राहिला. बोटं थरथरायची आणि जोर येत नसे. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने त्यांना दाबायला एक रबरी चेंडू दिला. तो त्यांनी खिडकीतून खाली टाकला. "कुत्र्यासारखी चेंडू घेऊन बसू का मी?" असं त्यांनी तिलाच विचारलं.

डॉक्टरांच्या प्रतीक्षाखोलीत एक काचेची टाकी होती. तिच्यात मासे थोडे आणि झाडं फार. पाण्याखाली हिरवळ पसरलेली, मागे लाल पानांची झुडपं. मंदाताईंनी नंबर येऊन गेला तरी उठायचं नाव घेतलं नाही. ही झाडं लांब चिमट्याने एकेक काडी धरून मातीत लावतात, असं तिथल्या कंपाउंडरने सांगितलं. तेव्हा त्या मला म्हणाल्या, "हा व्यायाम मी करतो."

आणि केला. दिवाणखान्यात चांगली हातभर रुंदीची, माझ्या पसरलेल्या दोन हातांएवढी लांब टाकी आली. मंदाताई उजव्या हातात चिमटा धरायच्या आणि डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार द्यायच्या. एक काडी लावायला कधी कधी अख्खी सकाळची चहाची वेळ जायची. काडी वर तरंगून आली की त्या तिला शिव्या द्यायच्या, त्या मी इथे लिहीत नाही. पण महिन्यांनी तो हात कपबशी उचलू लागला.

टाकीखालच्या कपाटात त्यांनी गॅसचं छोटं सिलेंडर ठेवलं होतं. पाण्याखालच्या झाडांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, म्हणून तो नळीने बारीक बुडबुड्यांत पाण्यात सोडतात. मिलिंदला फोनवर 'सिलेंडर' हा शब्द ऐकू आला आणि इथून भांडणाला सुरुवात झाली. पाणी, वीज, सिलेंडर आणि एका हाताने जगणारी एकटी म्हातारी. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याच्या घरी आईसाठी खोली तयार होती, सूनही समजूतदार होती. तो म्हणाला, फ्लॅटला कुलूप लाव आणि ये. टाकीचीच हौस असेल तर इथे छोटी घेऊ, प्लास्टिकची झाडं लावू, काही करावं लागत नाही.

मंदाताईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मला उत्तर ऐकायला मिळालं. "प्लास्टिकचं पोट्टंच घेतलं असतं तं बरं झालं असतं. ते तरी चूप बसलं असतं." मग आवाज खाली आणून त्यांनी सौदा सांगितला. हा उन्हाळा जाऊ दे. टाकी मी एकटीनं सांभाळतो, कोणाचा हात लागू देत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी झाडं जिवंत असली तर मी इथंच राहीन, पुन्हा विषय काढायचा नाही. झाडं मेली तर मी तुझ्यासंग येतो, मग मीही विषय काढणार नाही. मिलिंद 'चालेल' म्हणाला. नागपूरचा उन्हाळा कसा असतो हे त्याला ठाऊक होतं.

मला ठाऊक होतं ते त्याला नव्हतं. झाडं तेव्हाच मरायला लागली होती. पानांवर काळपट शेवाळ धरत होतं. पाण्यात गॅस किती आहे हे दाखवणारा काचेचा एक छोटा फुगा टाकीच्या भिंतीला चिकटवलेला असतो. आतलं पाणी हिरवं असेल तर गॅस पुरेसा, निळं असेल तर कमी. मंदाताईंचा फुगा कायम निळा. त्या सिलेंडरची चावी आणखी सोडायच्या, सिलेंडर लवकर रिकामं व्हायचं, फुगा निळाच.

दोष फिल्टरचा होता, हे मी वाचून शोधून काढलं. टाकीसोबत आलेला फिल्टर काठावर लटकणारा होता. तो पाणी वर खेचून, गाळून, धबधब्यासारखं परत टाकीत सोडायचा. दिसायला छान, साफ करायला सोपा. पण पाणी असं वरून पडत राहिलं की त्यात विरघळलेला गॅस उडून जातो. सोड्याची बाटली या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिल्यावर तिच्यात काय उरणार? मी ही तुलना केली तेव्हा मंदाताई म्हणाल्या, "म्हणजे मी इकडून भरून राह्यली अन् तो तिकडून सांडून राह्यला. अन् मी झाडाले शिव्या देऊन राह्यली."

मग आम्ही बर्डीवरच्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार तिशीतला, सभ्य आणि जाणकार माणूस होता. त्याने सगळे प्रकार काउंटरवर मांडले. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज बाद, कारण त्याचे बुडबुडेही गॅस घालवतात. टाकीच्या आत बुडवून ठेवायचा छोटा फिल्टर गॅस राखतो, पण एवढ्या टाकीला पुरत नाही आणि झाडांची जागा खातो. राहिला बंद डब्याचा. तो टाकीखालच्या कपाटात बसतो. एका नळीने पाणी खाली येतं, डब्यातल्या स्पंजांतून गाळलं जातं, दुसऱ्या नळीने वर जातं आणि पाण्याच्या पृष्ठभागाखालीच गुपचूप सोडलं जातं. न धबधबा, न बुडबुडे. गॅस जिथल्या तिथे. त्याने बादलीएवढा एक डबा पुढे सरकवला आणि ताशी किती पाणी फिरवतो ते सांगू लागला.

मंदाताईंनी त्याला थांबवलं. "त्याचं पाणी राहू द्या, भाऊ. आधी खोलून दाखवा."

त्याने चार बाजूंच्या चार कड्या उघडून झाकण काढलं. मग मंदाताईंनी त्याला ते बंद करायला लावलं. मग डबा स्वतःच्या मांडीवर घेतला. डाव्या हाताने त्यांनी पहिली कडी उघडली. दुसरी उघडली. तिसरीसाठी डबा दुसऱ्या हाताने दाबून धरावा लागत होता, आणि दुसरा हात ऐकत नव्हता. त्यांनी कोपराने दाबून पाहिलं, गुडघ्यांत धरून पाहिलं. गिऱ्हाईकं बघू लागली. मी मदतीला हात पुढे केला तेव्हा त्यांनी मला नजरेनेच मागे सारलं. तिसरी कडी उघडली नाही.

दुकानदाराला वाईट वाटलं. तो म्हणाला, आजी, तुम्ही घेऊन जा, साफ करायला दर महिन्याला मी माणूस पाठवत जाईन.

"माणूसच पाह्यजे असता तं माहा पोट्टा बेंगळुरूले बसला हाये नं," मंदाताई म्हणाल्या. "तो तं फुकट येते."

त्याला सौदा माहीत नव्हता, तो गोंधळला. मंदाताई मात्र फळीवरच्या लहान डब्याकडे बघत होत्या. तो निम्म्या आकाराचा होता. त्याला कड्या नव्हत्या, वर एकच मूठ होती; ती उलटी केली की झाकण सुटायचं. डाव्या हाताने त्यांनी तो उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. दुकानदार म्हणाला, हा तुमच्या टाकीला पुरणार नाही, आजी. पाणी कोपऱ्यापर्यंत जाणार नाही, गॅस एकाच बाजूला राहील.

"दोन द्या."

तो हसला, मग विचारात पडला.

"दुकानात गठ्ठा नाही उचलला तं आम्ही तो फोडून दोन करत होतो," मंदाताई म्हणाल्या. "हमालाले नवा माणूस नाही आणून देत होतो. एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. दोन्हीकडून पाणी येईन. या महिन्यात हा धुवाचा, पुढच्या महिन्यात तो."

दुकानदाराने कागदावर टाकी काढली, दोन बाण काढले आणि मान हलवली. असं काही जण मुद्दाम करतात, असंही त्याने सांगितलं. एक बंद पडला तर दुसरा चालू राहतो. मंदाताईंना आपली कल्पना आधीच कोणाला तरी सुचली होती हे फारसं आवडलं नाही. घरी आल्यावर माहितीपत्रक मी वाचून दाखवलं, आणि टाकीला जोडण्याआधी दोन्ही डबे त्यांनी एक दिवस बादलीत चालवून पाहिले.

आठवड्याभरात काचेचा फुगा हिरवा झाला. त्या सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली, मला हाताला धरून नेलं आणि टाकीसमोर उभं केलं. पानापानावर बारीक मोत्यांसारखे बुडबुडे धरले होते. झाडं श्वास सोडत होती.

उन्हाळाभर त्यांनी शब्द पाळला. फिल्टर धुवायचा दिवस आला की टाकीच्या पाण्याने भरलेला डबा उचलत नसत. जुन्या चादरीवर ठेवून चादर ओढत न्हाणीघरापर्यंत नेत. दुकानात गठ्ठे असेच ओढायचे. मी दारात उभी राहून बघायचे. एकदा चादर माझ्या पायाशी अडकली म्हणून मी ती सोडवली, तर "हे तू केलं का मी केलं?" असं विचारून त्यांनी डबा परत टाकीपाशी नेला आणि पुन्हा ओढत आणला.

मे महिना संपता संपता मिलिंद आला. दोघांची परतीची तिकिटं घेऊनच आला होता आणि ते त्याने लपवलंही नाही. टाकी बघून मात्र तो चकित झाला. हिरवळ दाट होती, लाल झुडपं पाण्याच्या वरपर्यंत पोचली होती. "अजून उन्हाळा हाये," मंदाताई त्याला म्हणाल्या. स्वतःची बाजू जिंकत असताना मुदतीची आठवण करून देणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी वीज गेली. कुठेतरी ट्रान्सफॉर्मर जळाला होता. कूलर थांबले आणि घर भट्टीसारखं तापू लागलं. अशा वेळी टाकी चहूकडून अडचणीत येते. फिल्टर थांबला की बंद डब्यातलं पाणी नासू लागतं, आणि वीज आल्यावर तेच टाकीत जातं. गरम पाण्यात माशांना श्वास पुरत नाही. मी गेले तेव्हा मंदाताईंनी सिलेंडरची चावी आधीच बंद केली होती. पहिला डबा चादरीवर होता. मिलिंद उठला, म्हणाला, आई, आज मी करतो, आजचं धरू नको.

"हात लावू नको."

तो जागच्या जागी उभा राहिला. मंदाताईंनी एक डबा ओढत नेला, मग दुसरा. न्हाणीघरात स्टुलावर बसून डब्यांच्या मुठी उलट्या केल्या, स्पंज काढले आणि टाकीच्याच पाण्याने भरलेल्या टबात सोडले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, स्पंजातले उपयोगी जंतू त्याने मरतात. मग त्या टाकीपाशी परत आल्या. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मंदाताईंनी डाव्या हातात मग घेतला, टाकीतलं पाणी भरलं आणि उंचावरून परत टाकीत ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. ज्या धबधब्याचा एरवी त्यांना राग होता तोच त्या आता स्वतःच्या हाताने करत होत्या, कारण आता गॅस राखायचा नव्हता, हवा मिसळायची होती. हात दुखला की थांबायच्या, टबातले स्पंज ढवळून यायच्या, पुन्हा मग उचलायच्या. घामाने पातळ पाठीला चिकटलं होतं. मिलिंद एकदा माझ्याकडे वळून पुटपुटला, "काकू, हिला सांगा ना." मी सांगितलं नाही.

उन्हं कलल्यावर वीज आली. मंदाताईंनी स्पंज डब्यांत भरले, झाकणं लावली, नळ्या जोडल्या, बटण दाबलं. दुसऱ्या डब्याखाली पाण्याचं थारोळं दिसू लागलं. झाकणाखालची रबरी रिंग नीट बसली नव्हती. मिलिंद पुढे सरकला आणि स्वतःच थांबला. मंदाताईंनी बटण बंद केलं, डबा उघडला, पदराने रिंग पुसली, खाचेत ठेवली आणि उजव्या हाताची तर्जनी तिच्यावर टेकवली. ती थरथरत होती. थरथरतच त्यांनी ती रिंगवरून सबंध गोल फिरवली, दाबत दाबत, जिथे रबर वर आलं होतं तिथे थांबून. झाकण लागलं. बटण दाबलं. आम्ही तिघं खाली वाकून कपाटात बघत राहिलो. फरशी कोरडी होती.

सकाळी काही मासे मेलेले सापडले. कोणी विचारलंही नव्हतं. मंदाताईंनी ते बशीत काढून मिलिंदसमोर ठेवले.

"हे मेले. माह्या हातून मेले. याच्यावरून नेणार असशीन तं आत्ता सांग. मागून दुसरं कारण नाही चालणार."

मिलिंद बशीकडे बघत होता. मग त्याने टाकीकडे बघितलं. "बोली झाडांची होती," तो म्हणाला.

तो एकटाच परत गेला. विषय पुन्हा निघाला नाही. दोन्ही बाजूंनी.

त्यानंतर मंदाताई आणखी काही वर्षं माझ्या समोर राहिल्या, आणि मला त्यातला प्रत्येक उन्हाळा आठवतो. इमारतीतल्या बायका त्यांना कशाला एवढा त्रास करून घेता म्हणायच्या. मंदाताईंचं उत्तर ठरलेलं होतं: "त्रास माहा हाये नं? मंग माह्याजवळच राहू दे."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी दार उघडलं नाही. माझ्याकडे किल्ली होती. त्या पलंगावर कुशीवर झोपलेल्या होत्या आणि बराच वेळ झाला होता. दिवाणखान्यात टाकीचा दिवा ठरल्या वेळी आपोआप लागला होता. मी त्यांच्या अंगावर शाल सारखी केली, खुर्ची ओढून बसले आणि मग मिलिंदला फोन केला.

तो संध्याकाळपर्यंत पोचला. माणसं जमली, गांधीबागेतलेही पुष्कळ जुने व्यापारी आले. मिलिंदचे एक काका दारातच त्याला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, की एवढा शिकला, एवढा कमावता झाला, आणि आईला शेवटी एकटं ठेवलंस. मला वाटलं आता हा कोसळेल. दिवसभर तो रडलाच होता.

मिलिंदने डोळे पुसले आणि मान वर केली.

"मी ठेवलं नाही, काका," तो म्हणाला. "ती राहिली."